स्पीकरवरचं गाणं, मांडीवरचं गाणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सात महिन्यांच्या मुलीचे वडील लिहितात, की संगीतामुळे मुलांचा सामाजिक विकास चांगला होतो असं वाचल्यापासून ते घरात रोज तीन-चार तास स्पीकरवर बाळगाणी लावतात. तरीही अनोळखी माणूस दिसला की मुलगी रडते, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे आली तरी कुरकुरते. पत्नीचा गळा चांगला आहे. ती गायला लागली की मुलगी टक लावून बघते. स्वतःला सूर नाही, आपण गायलो तर मुलीचा कान बिघडेल, या भीतीने ते गप्प राहतात. बाळांसाठीच्या एका संगीतवर्गाची जाहिरात त्यांनी पाहिली आहे. त्यात बुद्धी आणि सामाजिक कौशल्यं दोन्ही वाढतील असं म्हटलंय. पुढच्या महिन्यात मुलीची आजी तिला पहिल्यांदाच भेटायला येणार आहे. त्यांचा प्रश्न असा : किती वेळ आणि कोणतं संगीत लावावं, आणि वर्गात घालावं का?

तुमचं पत्र वाचताना एका वाक्यावर नजर अडली. आई गायला लागली की मुलगी टक लावून बघते, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ती काय बघते, ते एकदा शेजारी बसून पाहा. गाणाऱ्या माणसाचा चेहरा ठेक्याबरोबर हलत असतो. ठोक्यावर डोळे किंचित मोठे होतात, भुवया वर जातात, मान डोलते; आणि हे पुन्हा कधी होणार याचा अंदाज बाळाला बांधता येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाळांच्या नजरेचा माग काढून हेच मोजलं गेलं. दोन महिन्यांची बाळंसुद्धा गाण्याच्या ठोक्याशी मेळ साधून गाणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होती, सहा महिन्यांच्या बाळांत हा मेळ अधिक पक्का होता. मुद्दाम लय मोडली, ठोके पुढेमागे केले, तेव्हा तो मेळ राहिला नाही. ठेका बाळाला जणू सांगत असतो : आता बघ. आणि समोरच्याच्या डोळ्यांत वेळेवर बघता येणं हा माणसांत मिसळण्याचा पायाच आहे.

स्पीकरला डोळे नाहीत. म्हणून तीन-चार तासांत जे व्हायला हवं असं तुम्हाला वाटत होतं, ते झालं नाही. यात तुमच्या निवडीचा दोष नाही. वेगळी गाणी लावली असती तरी हेच झालं असतं.

हा फरक किती खोल आहे ते दाखवणारा एक प्रयोग हार्वर्ड विद्यापीठात सॅम्युएल मेर, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या बाळांच्या आईवडिलांना एक नवं गाणं शिकवलं आणि एक-दोन आठवडे घरी गायला सांगितलं. मग बाळांना पडद्यावर दोन अनोळखी बायका दाखवल्या. एक तेच गाणं गायची. दुसरीच्या गाण्यात शब्द तेच, पण चाल वेगळी. गाणं संपल्यावर दोघी गप्प उभ्या असताना बाळं ओळखीची चाल गाणारीकडे जास्त वेळ बघत राहिली. दुसऱ्या गटात तेच गाणं घरी एका वाजणाऱ्या खेळण्यातून ऐकवलं होतं. त्या बाळांनी दोघींत फरक केला नाही. गाणं कानावरून गेलं होतं. पण 'हे आपल्या माणसांचं गाणं' हा अर्थ त्याला आलाच नव्हता, कारण ते माणसाकडून मिळालं नव्हतं.

तेव्हा तासांचा हिशेब सोडून द्या. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन वेळांत वाटलेली, आणि त्यात तुम्ही स्वतः, हे पुरेसं आहे.

आता तुमच्या सुराबद्दल. तुमच्या गाण्याने मुलीचा कान बिघडणार नाही. कान घडतो तो वर्षानुवर्षं आजूबाजूला जे-जे ऐकू येतं त्या सगळ्यातून, एका माणसाच्या हलत्या सुरातून नव्हे. सातव्या महिन्यात ती तुमच्याकडून जे उचलते आहे ते वेगळंच आहे : आवाज कोणाचा, चढतो-उतरतो कसा, आणि पुढचा ठोका कुठे पडणार. वरच्या प्रयोगातले आईवडीलही साधेच होते, गवई नव्हते. आणखी एक गोष्ट. आया आपल्या बाळाला तेच गाणं आठवड्याने पुन्हा गातात तेव्हा जवळजवळ त्याच पट्टीत आणि त्याच लयीत गातात, असं सँड्रा ट्रेहब यांच्या गटाने दाखवलं आहे. बाळाला हवी असते ती ही खात्री. तुमचा सूर हलला तरी चालेल, लय मात्र धरून ठेवा. ती धरायची सोपी युक्ती म्हणजे उभ्या उभ्या पावलं टाकत गाणं. चालताना आपण साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो. खेळातल्या गाण्याला तेवढी लय ठीक. झोपवताना तीच निम्मी करा. चाल अजिबात जमत नसेल तर बडबडगीत तालात म्हणा. पण चाल लावता आली तर लावाच, वेडीवाकडी का होईना, कारण बाळ ओळख धरतं ती चालीवरून.

मांडीवरचा खेळ नीट सांगतो, कारण बारीकसारीक गोष्टींवरच तो जमतो किंवा फसतो.

खुर्चीवर पाठ टेकून बसा, पाय जमिनीला टेकलेले. मुलीला मांडीवर स्वतःकडे तोंड करून बसवा. दोन्ही हात तिच्या काखेखालून बरगड्यांभोवती, अंगठे पुढे, बाकीची बोटं पाठीवर. तिचा चेहरा तुमच्या चेहऱ्यापासून ३०-४० सेंटीमीटरवर आणि जवळजवळ समोर असावा. ती खाली आणि तुम्ही वरून वाकलेले असं नको. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तिला नुसती काळी आकृती दिसते. आता टाचा उचलून तिला हलके हेलकावे द्या, चार-पाच सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. प्रत्येक हेलकावा गाण्याच्या ठोक्यावर. चार ओळींचं छोटं गाणं घ्या आणि दोन आठवडे तेच ठेवा.

हेलकावा ठोक्यावरच का, याला कारण आहे. बाळ ताल कानाइतकाच अंगाने ऐकतं. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ साली सात महिन्यांच्या बाळांना, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाच्या, असा ठेका ऐकवला ज्यात ठळक ठोका कोणताच नव्हता. तो दोन-दोनच्या गटात ऐका किंवा तीन-तीनच्या. निम्म्या बाळांना दर दुसऱ्या मात्रेवर झुलवलं, बाकीच्यांना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही प्रकार ठळक ठोक्यांसह ऐकवले तेव्हा ज्या मात्रेवर बाळ झुललं होतं तोच प्रकार त्याने अधिक वेळ ऐकला. दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहणाऱ्या बाळांत हा परिणाम दिसला नाही. म्हणून हात थांबवून तोंडाने गाणं, किंवा गाणं एका लयीत आणि हेलकावे भलत्याच लयीत, असं करू नका. दमलेल्या माणसाकडून संध्याकाळी नेमकं हेच होतं : हात आपोआप भरभर चालतात आणि गाणं मागे रेंगाळतं.

आता या खेळातली सर्वांत महत्त्वाची जागा. चौथ्या ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. आवाज बंद, हेलकावा बंद, भुवया वर, चेहरा तिच्याकडे. तीन-चार सेकंद. मोठ्या माणसाला एवढा वेळ फार लांब वाटतो, म्हणून बहुतेक जण एका सेकंदात शब्द उरकून टाकतात आणि बाळाची पाळी हुकते. पहिले काही दिवस ती नुसती बघेल. मग कधीतरी पाय झाडेल, हात हलवेल, 'अं' करेल, किंवा तुमच्या तोंडाकडे वाकेल. ते काहीही असो, तिचं बोलणं समजा आणि लगेच तो शेवटचा शब्द हेलकाव्यासह द्या. आपण काही केलं की समोरचा माणूस उत्तर देतो, हे तिला इथे कळतं. तुमची पाळी, माझी पाळी. पुढे संभाषण याच सांगाड्यावर उभं राहतं. कोणतंही ध्वनिमुद्रण तिच्यासाठी थांबू शकत नाही.

मध्येच तिने मान वळवली, डोळे बाजूला केले, तर गाणं थांबवा आणि वाट पाहा. तिला एवढ्या जवळच्या चेहऱ्यापासून क्षणभर विसावा हवा असतो. इथे सर्वांच्या हातून एकच चूक होते : बाळाने तोंड वळवलं की आपणही त्या बाजूला वाकतो, आवाज चढवतो, टाळ्या वाजवतो. मग ते आणखी वळतं आणि शेवटी रडतं. तुमच्याकडे आल्यावरच्या कुरकुरीतला काही भाग हाच असू शकेल. पाच-दहा सेकंदांत ती परत तुमच्याकडे बघेल. तेव्हा हसा आणि पुन्हा सुरू करा. दोनदा वळली आणि परत आलीच नाही, तर आजचा खेळ संपला.

वेळ निवडताना भूक आणि झोप यांच्या मधली घ्या, आणि दूध प्यायल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. कामावरून आल्या आल्या लगेच उचलून घेऊ नका. आधी खोलीत शिरताना तेच गाणं गुणगुणा, तिने तुमच्याकडे पाहिलं की मग हात पुढे करा. महिनाभरात ते गाणं म्हणजे 'बाबा आले' अशी तिची खूण होऊन जाईल. आणि हा खेळ फोनवर टिपायला जाऊ नका, निदान पहिले दोन आठवडे. फोन आला की चेहरा झाकला जातो आणि तिची नजर पडद्यावर जाते.

या मुलीहून लहान बाळ असलेल्या वाचकांनी हे नीट वाचावं : मान पक्की धरेपर्यंत मांडीवरचे हेलकावे नकोत. तोवर बाळाला छातीशी धरून, मानेला आधार देऊन, चालत गाणं हाच ताल. आणि कोणत्याही वयाच्या बाळाला वर उडवणं, जोरात गदगदा हलवणं हा खेळ नव्हे. त्याने मेंदूला इजा होऊ शकते. बाळ रडून थांबतच नसेल आणि आपला संयम सुटतोय असं वाटलं, तर त्याला सुरक्षित जागी उताणं ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जावं. त्यात काही गैर नाही.

झोपेच्या वेळी तुम्हीच तिला घेत असाल तर जपानमध्ये २०२२ साली झालेल्या एका अभ्यासाचा उपयोग होईल. रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता पाच मिनिटं चालायचं, झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं कडेवर घेऊनच बसायचं, आणि मगच खाली ठेवायचं. घाईने ठेवलं की अंगापासून सुटण्याच्या क्षणी बाळ जागं होतं. त्या अभ्यासातली बाळं सात महिन्यांपर्यंतची होती. चालताना निम्म्या लयीत तेच गाणं म्हणा. गाणं बाळाला बोलण्यापेक्षा जास्त वेळ शांत ठेवतं, हे माँट्रियलमध्ये मोजलेलं आहे : अनोळखी भाषेतलं गाणं ऐकताना सात ते दहा महिन्यांची बाळं सरासरी नऊ मिनिटं रडवेली न होता राहिली, बोलणं ऐकताना जेमतेम चार. ती गाणी ध्वनिमुद्रित होती, हेही सांगायला हवं. म्हणजे स्पीकर बाळाला शांत ठेवू शकतो. तुम्ही भांडी घासत असताना दहा मिनिटं तो लावलात तर बिघडत नाही. पण शांत राहणं वेगळं आणि माणसाशी नातं जुळणं वेगळं.

स्पीकर दिवसभर लावू नये, याचं एक साधं कारणही आहे. मागे सतत संगीत असलं की त्यात बोलण्याचे बारीक आवाज बुडतात, आणि गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणं बाळाला आपल्याइतकं जमत नाही. लावलाच तर तिच्यापासून निदान दोन मीटर लांब, पाळण्यात किंवा उशीशी कधीही नाही, आणि आवाज इतकाच की तुम्हाला एकमेकांशी नेहमीच्या आवाजात बोलता यावं. बाळांना झोपवायला मिळणाऱ्या १४ आवाज-यंत्रांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यातली तीन पूर्ण आवाजावर ८५ डेसिबलच्या पुढे गेली होती. रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी शिफारस ५० डेसिबलची आहे.

संगीतवर्गाबद्दल. बुद्धी वाढते हा दावा ऐकू आला की त्याचं मूळ आठवा : १९९३ सालचा एक प्रयोग, ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी, संगीत ऐकल्यावर आकारांच्या कोड्यांत थोडी सुधारणा, आणि तीही दहा-पंधरा मिनिटं टिकलेली. त्यात एकही बाळ नव्हतं. त्यावर जाहिराती उभ्या राहिल्या, बाळांसाठी सीडी निघाल्या. सामाजिक बाजूचा दावा मात्र पोकळ नाही. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांचे दोन गट केले. एक गट पालकांसोबत दर आठवड्याला गाण्याच्या, ताल धरण्याच्या वर्गात जायचा. दुसऱ्या वर्गात मागे ध्वनिमुद्रित संगीत चालू असायचं आणि बाळं खेळण्यांशी खेळायची. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली बाळं जास्त हसत होती, लवकर शांत होत होती, आणि बोट दाखवणं, हात हलवून निरोप घेणं अशा खुणा अधिक करत होती. दोन्ही वर्गांत संगीत होतंच. पालक त्यात उतरले होते की नाही, हा फरक होता.

म्हणून पैसे भरण्याआधी एक वर्ग बघून या, आणि नजर शिक्षकापेक्षा पालकांवर ठेवा. ते गातायत का, की भिंतीशी बसून बघतायत? बाळांचं तोंड पालकांकडे आहे की पुढे ठेवलेल्या वाद्यांकडे? त्याच गाण्यांकडे दर आठवड्याला परत येतात का? नवं गाणं, नवं खेळणं, नवा पडदा असा मारा असेल तर बाळाला काहीच ओळखीचं होत नाही. आठ-दहा बाळांहून मोठा गट असेल तर खोलीतला गोंगाटच जास्त. आमचं मत विचाराल तर आत्ता थांबा. आधी दोन-तीन आठवडे घरचं गाणं बसू द्या. त्यानंतर वर्ग चांगला वाटला, आणि तुम्हाला स्वतःला इतर आईबापांत गाऊन हुरूप येत असेल, तर जरूर जा. मात्र वर्गाला गेलं नाही म्हणून मुलीचं काही अडणार नाही.

आता रडण्याबद्दल, कारण पत्रातली खरी काळजी तीच दिसते. सात-आठ महिन्यांच्या सुमाराला अनोळखी माणसाला पाहून रडणं हा सामाजिक विकास अडल्याचा पुरावा नाही, तो पुढे सरकल्याचा आहे. आपली माणसं आणि परकी माणसं तिला वेगळी काढता येऊ लागली. हे आणखी काही महिने चालेल. कोणाकडेही हसत जाणारं बाळ म्हणजे मिळून-मिसळून राहणारं बाळ, ही समजूत सोडायला हवी.

डॉक्टरांकडे जायची कारणं वेगळी आहेत. मागून आलेल्या आवाजाकडे ती वळत नसेल, दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा', 'दादादा' असे उच्चार आले नाहीत, वर्षाच्या आसपासही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट करणं तिने सोडलं असेल, तर थांबू नका. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या. ठेक्यावर अंग हलवत नाही, एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका. या वयात बाळं संगीताला हलतात, पण ठोक्याला ठोका मिळत नाही. ते जमायला बरीच वर्षं लागतात.

ज्या आईला बाळंतपणानंतर मन उदास आहे, गाणं सुचतच नाही, तिने ही आणखी एक जबाबदारी समजू नये. इंग्लंडमध्ये अशा आयांना दहा आठवडे बाळांसह एकत्र गायला बोलावलं, तेव्हा मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या आया नेहमीच्या मदतीपेक्षा लवकर सावरल्या. पण हे उपचारांच्या जोडीने, उपचारांच्या जागी नव्हे. आणि ज्या घरात आईवडील बहिरे आहेत तिथे ताल हातांत आणि अंगात असतो : खाणाखुणांच्या भाषेतली लयीतली पुनरावृत्ती, पाठीवरच्या थापा, झुलवणं. ठोका नियमित असला आणि चेहरा समोर असला, की झालं.

राहिली आजी. तिला तुमचं गाणं आत्ताच कळवा, चालीसकट. व्हिडिओ कॉलवर आजीने ते मुलीला शिकवावं, असं नको. हार्वर्डच्याच अभ्यासात ओळख नसलेल्या माणसाने आधी प्रत्यक्ष आणि मग व्हिडिओवरून गायलेल्या गाण्याचा तो परिणाम दिसला नव्हता. गाणं मुलीला तुमच्याकडून आणि आईकडून मिळू द्या, आजीने फक्त पाठ करून ठेवावं.

ती आली की लगेच तिच्या हातात मुलीला देऊ नका. तुम्ही मुलीला मांडीवर बाहेरच्या बाजूला तोंड करून घ्या, आजी दीड-दोन मीटरवर, जमिनीवर किंवा बुटक्या खुर्चीवर बसेल. तुम्ही गाणं सुरू करा, हेलकावे द्या. एकदा पूर्ण होऊ द्या. दुसऱ्या वेळी आजीने हळू आवाजात साथ द्यावी आणि तुमच्या हेलकाव्याबरोबर स्वतःही बसल्या जागी वर-खाली व्हावं, त्याच ठोक्यावर. मॅकमास्टरमध्ये लॉरा सिरेली यांनी चौदा महिन्यांच्या बाळांवर नेमका हाच प्रयोग केला होता. एका व्यक्तीने बाळाला धरलेलं, दुसरी अनोळखी स्त्री समोर. बाळाच्या झुलण्याशी जुळवून ती झुलली, तर नंतर तिच्या हातून 'चुकून' पडलेली वस्तू बाळाने उचलून देण्याचं प्रमाण वाढलं. बेमेळ झुलली तेव्हा तेवढं नाही. बाळ वर तेव्हा ती खाली, असं उलट पण नेमक्या ठोक्यावर झुललं तरी चाललं. तुमची मुलगी लहान आहे, वस्तू उचलून देणार नाही. तुम्ही तिच्या नजरेवरून ओळखायचं.

तिसऱ्या वेळी शेवटच्या शब्दाआधी तुम्ही थांबा आणि तो शब्द आजीला म्हणू द्या. मुलगी तुमच्याकडे वळून बघेल, मग आजीकडे. तुम्ही हसत असाल तर ती आजीला थोडा वेळ देईल. आजीने हात पुढे करायची घाई करू नये. मुलीने स्वतः पुढे झुकेपर्यंत थांबावं. पहिल्या दिवशी झुकली नाही तर दुसऱ्या दिवशी दोनदा, याच क्रमाने, याच गाण्याने.